टक्केवारीवर चालणारा बारबेलचा प्रोग्राम कसा बसवायचा

स्क्वॉट, ७० टक्के, ४ सेट, ६ रेप्स. प्रोग्राममध्ये असं (म्हणजे खांद्यावर बारबेलची रॉड घेऊन सलग सहा वेळा बसून उठायचं, ह्या सहा रेप्स, आणि असे चार गट म्हणजे चार सेट) लिहिलेलं दिसलं की लगेच मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून किलो काढले जातात, पण त्याआधीचा प्रश्न राहूनच जातो, ७० टक्के नेमके कशाचे? टक्केवारीचा सगळा प्रोग्राम त्या एका आकड्यावर उभा असतो. तो खरा असेल, आणि मी तर म्हणेन थोडा कमीच धरलेला असेल, तर साधासुधा प्रोग्रामसुद्धा महिनोन्महिने ताकद वाढवत राहतो, आणि तो फुगवलेला असेल तर कितीही भारी प्रोग्राम घ्या, चौथ्या-पाचव्या आठवड्यात अडकतोच. म्हणून आधी आकडा, मग टक्के, मग आठवडे अशा क्रमाने सांगतो.

आकडा म्हणजे तुमचा मॅक्स, म्हणजे जे वजन तुम्ही नीट फॉर्ममध्ये एकदाच उचलू शकता, दुसऱ्यांदा नाही. ह्यातला 'नीट फॉर्ममध्ये' हा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात. स्क्वॉटमध्ये कंबरेचा सांधा गुडघ्याच्या खाली गेलाच नाही, बेंचवर झोपून ढकलायचा रॉड छातीला टेकून उसळवला, किंवा स्पॉटरची (मदतीला उभा असलेल्याची) दोन बोटं रॉडखाली होती आणि तो वरून 'माझं काहीच नाही, सगळं तुझंच' म्हणत होता, तर तो मॅक्स नाही. आणि दोन वर्षांपूर्वी वजन जास्त असताना, झोप मस्त चालू असताना जे उचललं होतं तेही आज धरायचं नाही. आज, ह्या महिन्यात, जे जातं ते.

हा मॅक्स दर वेळी प्रत्यक्ष उचलूनच काढायला पाहिजे असं नाही, नव्या माणसाने तर काढूच नये. एखाद्या वजनाच्या ३ ते ६ रेप्स नीट मारा, म्हणजे पुढची निघाली नसती अशा, आणि त्यावरून अंदाज करा. एपलीचं सूत्र सगळ्यात जास्त वापरलं जातं, रेप्सना ३० ने भागायचं, त्यात १ मिळवायचा आणि वजनाला गुणायचं. १२० किलोच्या ५ रेप्स निघाल्या तर मॅक्स साधारण १४० येतो. दुसरं ब्रझिकीचं, वजन गुणिले ३६, आणि त्याला (३७ वजा रेप्स) ने भागायचं, त्याने तेच १३५ येतात. दोन सूत्रांत ५ किलोचा फरक पडला, मग खरं कुठलं? दोन्ही अंदाजच आहेत आणि दोन्ही कुठे ना कुठे तुटतात. एपलीमध्ये १ रेप टाकून बघा, १०० किलो एकदा उचलले तर मॅक्स १०३ दाखवतं, जे सरळसरळ चूक आहे, आणि ब्रझिकीमध्ये रेप्स १२-१५ च्या पुढे गेल्या की आकडे वेड्यासारखे वाढतात, ३७ रेप्सला तर शून्याने भागायची पाळी येते. दहा रेप्सला दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात, पण तिथे दमाचा भाग इतका वाढलेला असतो की ताकदीचा अंदाज म्हणून ते फार कामाचं नाही. म्हणून कमी रेप्सचा सेट घ्यायचा, दोन्ही सूत्रांनी बघायचं, आणि जे कमी येईल ते धरायचं.

आता खरी गंमत. समजा मॅक्स १४० आहे, अगदी पक्का. तरी प्रोग्रामचे टक्के मी १४० चे काढणार नाही, १४० च्या ९० टक्क्यांचे काढीन, म्हणजे १२६, सोयीसाठी १२५. ह्याला ट्रेनिंग मॅक्स म्हणतात. कारण असं, मॅक्स हा रोज तोच नसतो. रात्री चार तास झोप झाली, दिवसभर उभं राहून काम झालं, जेवण धड झालं नाही, तर १४० चा माणूस त्या दिवशी १३० चा असू शकतो. प्रोग्राम म्हणतो आज ८५ टक्के, १४० चे ८५ टक्के म्हणजे ११९ किलो, पण त्या दिवसाच्या १३० च्या हिशोबाने ते ९१ टक्क्यांच्या वर गेले! कागदावर पाच रेप्सचा सेट आहे आणि प्रत्यक्षात तिसरीलाच जीव जातोय, मग फॉर्म सुटतो, मग पाठ दुखते, मग प्रोग्राम खराब आहे असं ठरतं. १२५ चे ८५ टक्के म्हणजे १०६, ते वाईटातल्या वाईट दिवशी पण निघतात. चांगल्या दिवशी ते हलके लागतील, लागू देत. हलका सेट वेगात आणि सुंदर फॉर्ममध्ये मारणं हा वेळ वाया घालवणं नाही, ताकद त्यानेही वाढते.

किलो सोडून टक्क्यांत का लिहायचं हे पण सांगायला हवं. ८० किलो स्क्वॉट एकाला वॉर्मअप आहे आणि दुसऱ्याला मॅक्स, त्यामुळे '८० किलो ५ वेळा' ह्या वाक्याला अर्थच नाही. मॅक्सचा कितवा भाग हे सांगितलं की दोघांना साधारण सारखा जोर पडतो. ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना परत उभं करताना थॉमस डीलॉर्म ह्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने वजन हळूहळू चढवत न्यायची पद्धत बसवली, आणि १९४८ मध्ये वॉटकिन्स ह्या सहकाऱ्याबरोबर ती तीन सेटवर आणली, दहा रेप्सना जमेल त्या वजनाच्या ५० टक्के, मग ७५, मग १००. पुढे सोव्हिएत वेटलिफ्टिंगच्या कोच लोकांनी आपल्या लिफ्टर्सच्या सरावाच्या नोंदींवरून ह्याचं शास्त्र केलं, आणि त्यातल्या प्रिलेपिनचा तक्ता आजही बहुतेक प्रोग्राम्सच्या मागे कुठेतरी असतोच.

त्या तक्त्याचं म्हणणं सोपं आहे. वजन जितकं मॅक्सच्या जवळ, तितक्या एका व्यायामाच्या एका दिवसातल्या एकूण रेप्स कमी. ७० टक्क्यांच्या खाली एकूण १८ ते ३०, चांगला आकडा २४. ७० ते ८० मध्ये १२ ते २४, चांगला आकडा १८. ८० ते ९० मध्ये १० ते २०, चांगला १५. आणि ९० च्या वर फक्त ४ ते १०. एका सेटमध्ये किती तेही दिलेलं आहे, खालच्या दोन गटांत ३ ते ६, तिसऱ्यात २ ते ४, शेवटच्यात १ किंवा २. लक्षात घ्या, हे टक्के खऱ्या मॅक्सचे आहेत, ट्रेनिंग मॅक्सचे नाहीत, आणि तक्ता स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (वेटलिफ्टिंगमधले वजन डोक्यावर न्यायचे दोन प्रकार) करणाऱ्यांवरून आलाय, जिथे वजन हळू खाली आणायचा प्रकार जवळजवळ नसतो. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्टला (जमिनीवरून रॉड उचलून सरळ उभं राहणं) तो जसाच्या तसा चिकटवायचा नाही, पण दिशा दाखवायला उत्तम. बेंचला थोडं जास्त चालतं, डेडलिफ्टला मी नेहमी खालच्या टोकाला राहतो कारण तो थकवा आठवडाभर उरतो.

तक्त्यात सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे सेट किती छोटे आहेत. ८० टक्क्यांना साधारण माणूस ७-८ रेप्स मारू शकतो, आणि तक्ता सांगतो २ ते ४. म्हणजे प्रत्येक सेटमध्ये तीन-चार रेप्स शिल्लक ठेवूनच थांबायचं. बॉडीबिल्डिंगच्या सवयीतून येणाऱ्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं हात थरथरले नाहीत तर सेट झालाच नाही. पण इथे काम वेगळं आहे, जड वजन पुन्हा पुन्हा नीट उचलायची सवय शरीराला लावायची आहे, आणि थकलेल्या शेवटच्या दोन रेप्समध्ये जी हालचाल होते तीच बिघडलेली हालचाल आपण पक्की करत असतो.

किती टक्क्यांना किती रेप्स निघतात ह्याचे ठोकताळे सगळीकडे मिळतात, ९५ ला दोन, ९० ला चार, ८५ ला सहा, ८० ला आठ, ७५ ला दहा असे काहीतरी. ते सरासरीचे आहेत. कुणी ८० टक्क्यांना पाचवर अडकतो तर कुणी बारा मारतो, बायकांच्या रेप्स बरेचदा ह्या ठोकताळ्यांपेक्षा जास्त निघतात, आणि एकाच माणसाचं स्क्वॉटचं आणि बेंचचं गणित पण सारखं नसतं. त्यामुळे स्वतःचा तक्ता स्वतःच तयार करायचा, वहीत प्रत्येक सेटपुढे किती रेप्स अजून निघाल्या असत्या तेवढा एक आकडा लिहीत जा, दोन महिन्यांत तुम्हाला तुमची टक्केवारी कळते.

आता आठवडे. मी स्क्वॉटचं पूर्ण उदाहरण देतो, खरा मॅक्स १४०, ट्रेनिंग मॅक्स १२५, बारा आठवडे. पहिल्या आठवड्यात ७० टक्के, ८७.५ किलो, ४ सेट ६ रेप्स. दुसऱ्यात ७५ टक्के, येतात ९३.७५, लावायचे ९२.५, परत ४ सेट ६. तिसऱ्यात ८० टक्के, १०० किलो, ४ सेट ५. चौथा आठवडा डीलोड, म्हणजे थकवा उतरावा म्हणून मुद्दाम हलका ठेवलेला, ६० टक्के, ७५ किलो, ३ सेट ५ आणि घरी. पाचव्यात परत १०० च, पण ५ सेट ४, म्हणजे वजन ओळखीचं आहे आणि सेट छोटे झाले, डीलोडनंतर अंगावर येत नाही. सहाव्यात ८५ टक्के, १०५ किलो, ५ सेट ४. सातव्यात ९० टक्के, ११२.५ किलो, ५ सेट ३. आठवा परत डीलोड. ९० टक्के ऐकून घाबरायचं कारण नाही, ११२.५ म्हणजे खऱ्या १४० चे जेमतेम ८० टक्के, आणि ५ सेट ३ म्हणजे पंधरा रेप्स, प्रिलेपिन म्हणतो तितक्याच. बघा, ट्रेनिंग मॅक्स ९० टक्क्यांवर धरल्यामुळे सगळा प्रोग्राम आपोआप तक्त्यात बसला.

शेवटचे चार आठवडे वेगळे. नवव्यात ९५ टक्के, ११७.५ किलो, ५ सेट २. दहाव्यात १०० टक्के म्हणजे १२५, एकेकच रेप, पाच वेळा. अकराव्यात १३० च्या एकेक रेप, तीनच. इथे एकूण रेप्स मुद्दाम खूप कमी केल्यात, कारण आता ताकद कमवायची नाहीये, आधीच्या आठवड्यांत कमवलेली आहे ती थकव्याखाली दबलेली असते आणि थकवा उतरला की ती वर येते. बाराव्या आठवड्यात सुरुवातीला ८० किलोचे दोन-तीन हलके सेट, मग तीन-चार दिवस स्क्वॉट नाही, आणि मग टेस्ट. पहिला प्रयत्न १२५-१२७.५ चा, जो झोपेत पण जाईल असा, दुसरा १३५, आणि तो कसा गेला त्यावर तिसरा, १४२.५ किंवा १४५.

डीलोडबद्दल एक सांगतो, तो सगळ्यात जास्त गाळला जाणारा आठवडा आहे. 'मला थकवा वाटतच नाहीये' हे कारण असतं. पण थकवा वाटायला लागेपर्यंत थांबायचं असेल तर प्रोग्राम लिहायचाच कशाला, तो आधीच ठरवलेला असतो ते ह्यासाठीच. आणि डीलोडच्या दिवशी हलकं वाटतंय म्हणून जास्तीचे सेट मारायचे नाहीत.

आठवड्यातले दिवस कसे बसवायचे हा भाग त्यामानाने सोपा. तीन दिवस पुरतात. एका दिवशी जड स्क्वॉट आणि मध्यम बेंच, दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट आणि ओव्हरहेड प्रेस (उभं राहून रॉड खांद्यापासून डोक्यावर ढकलणं), तिसऱ्या दिवशी जड बेंच आणि हलका स्क्वॉट. हलका म्हणजे त्या आठवड्याच्या टक्क्यांपेक्षा १०-१५ टक्के कमी आणि सेटही दोन-तीनच. दोन जड सेटच्या मध्ये ३ ते ५ मिनिटं बसा, घाई करून दीड मिनिटात पुढचा सेट मारला तर ते ८० टक्के शरीराला ८८ वाटणार आणि टक्केवारीचा सगळा खटाटोप फुकट. रोइंग, लंजेस, पुलअप, पोटाचे व्यायाम ह्यांना टक्के लावत बसू नका, तिथे ८ ते १२ रेप्स आणि दोन शिल्लक एवढंच बास.

वॉर्मअप पण प्रोग्रामचाच भाग आहे. १०० किलोचा सेट मारायचा असेल तर रिकामी २० किलोची रॉड दहा वेळा, मग ५० पाच वेळा, ७० तीन वेळा, ८५ दोन वेळा, आणि मग १००. ह्यात थकायचं नाही, फक्त शरीराला हालचाल आठवून द्यायची. आणि ८५ किलो खरंच कसे हलले ते लक्ष देऊन बघायचं, कारण दिवस कसा आहे हे तिथेच कळतं. रोजच्यापेक्षा फारच हळू हलले तर त्या दिवसाचं वजन ५ टक्क्यांनी कमी करा, रेप्स तेवढ्याच ठेवा. प्रोग्राम मोडला असं अजिबात समजू नका, टक्के हा आधी केलेला अंदाज आहे आणि आजचं शरीर ही आजची बातमी आहे, दोन्हींत मेळ नसेल तर शरीराचं ऐकायचं. पण हे सूट म्हणून दर आठवड्याला वापरायचं नाही. दोन आठवडे सलग रेप्स पूर्ण होत नसतील तर दिवसाचा दोष नाही, ट्रेनिंग मॅक्सच जास्त धरलाय, तो ५ ते १० टक्क्यांनी खाली आणा आणि तिथून पुढे चालू.

राउंडिंगकडे लोक लक्षच देत नाहीत, आणि छोट्या लिफ्टमध्ये तिथेच प्रोग्राम मरतो. बहुतेक जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट सव्वा किलोची, दोन्ही बाजूला लावली की २.५ ची पायरी. १४० च्या स्क्वॉटला २.५ म्हणजे दोन टक्क्यांहून कमी, काही बिघडत नाही. पण ओव्हरहेड प्रेस ५० किलो असेल तर तेच २.५ म्हणजे पूर्ण पाच टक्के. ट्रेनिंग मॅक्स ४५, त्याचे ७५ टक्के ३३.७५, कुणी ३२.५ लावेल कुणी ३५, आणि हे दोन आकडे म्हणजे ७२ आणि ७८ टक्के, म्हणजे दोन वेगळे आठवडे झाले! नेहमी खालच्या बाजूला राउंड करा, आणि शक्य असेल तर अर्ध्या किलोच्या छोट्या प्लेट्स घ्या. प्रेस आणि हलक्या बेंचसाठी ह्या प्लेट्सइतकी उपयोगी खरेदी दुसरी नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं कुणासाठी नाही तेही सांगायला हवं. पहिले काही महिने रॉड हातात घेणाऱ्यांना टक्के लागतच नाहीत. त्यांचा मॅक्स दर आठवड्याला बदलत असतो, सोमवारी काढलेला आकडा पुढच्या सोमवारी जुना झालेला असतो, त्यामुळे ३ सेट ५ आणि दर वेळी २.५ किलो वाढव हे त्यांच्यासाठी कुठल्याही टक्केवारीपेक्षा जोरात चालतं. ते थांबलं, दोन-तीनदा वजन कमी करून परत चढूनही तिथेच अडकलं, की मग टक्क्यांकडे यायचं. बीपी, हृदयाचा त्रास, जुनी पाठीची दुखापत असेल तर आधी डॉक्टरला विचारा, जड वजनाला श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब बराच चढतो. आणि रॅकच्या सेफ्टी पिन (रॉड सुटला तर अडवणाऱ्या आडव्या दांड्या) लावल्याशिवाय जड स्क्वॉट किंवा एकट्याने बेंच करायचाच नाही, ह्यात चर्चा नको.

आकडा वाढवायचा कधी? सातव्या आठवड्याचा शेवटचा सेट मोकळा ठेवा, ११२.५ च्या तीनऐवजी जितक्या निघतील तितक्या मारा, पण एक शिल्लक ठेवून. शिल्लक धरून ८ आल्या तर एपलीने १४२.५ आणि ब्रझिकीने साधारण १३९.५, म्हणजे तुम्ही निदान आहात तिथे नक्की आहात, बहुतेक थोडे पुढे, आणि तेही थकलेल्या आठवड्यात. १० आल्या तर १५०, मग शेवटच्या चार आठवड्यांसाठी ट्रेनिंग मॅक्स १२५ चा १३० करायला हरकत नाही. १५० चे ९० टक्के १३५ होतात म्हणून थेट १३५ वर उडी मारायची नाही, एका सेटवर एवढा विश्वास ठेवायचा नाही. ६ च आल्या तर काहीच बदलू नका, झोप आणि जेवण बघा.

टेस्टमध्ये १४२.५ गेले तर पुढच्या फेरीचा ट्रेनिंग मॅक्स १२७.५, म्हणजे ९० टक्क्यांच्या जरासा खालीच. टेस्ट करायचीच नसेल तरी चालतं, मग आठ आठवड्यांनंतर स्क्वॉट आणि डेडलिफ्टला ५ किलो, बेंच आणि प्रेसला २.५ किलो मिळवून परत पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. १३५ सहज गेले आणि १४२.५ अडकले तर १२५ तसाच ठेवा, पहिल्या दोन आठवड्यांत ४ ऐवजी ५ सेट करा आणि बाकी कशालाही हात लावू नका.